बाकी किती?

नागपुरी संत्रं साधारण दीडशे ग्रॅमचं असतं. सहा-सात संत्री पिशवीत टाकली की किलो भरतो. रक्ताच्या कर्करोगाचं निदान होतं त्या दिवशी माणसाच्या अंगातल्या सगळ्या रोगट पेशी एका जागी गोळा करता आल्या, तर त्यांचं वजनही ढोबळमानाने एवढंच होईल. एक किलो. ऐकायला फार वाटत नाही. पण एका पेशीचं वजन ग्रॅमचा अब्जावा भाग, म्हणजे त्या किलोभरात पेशी झाल्या एक लाख कोटी. एकावर बारा शून्यं. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता न जेवता त्या मोजायला बसलं, तर ३१,६८८ वर्षं लागतील.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त संख्यांची नावं ओळीने सांगितली आहेत. प्रत्येक नाव आधीच्याच्या दसपट. लक्ष, मग प्रयुत म्हणजे दहा लाख, मग कोटी, मग अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व आणि मग महापद्म. एकावर बारा शून्यं म्हणजे महापद्म. ही यादी वाचताना मी दरवेळी एका शब्दाशी थबकते. अर्बुद. भास्कराचार्यांच्या यादीत त्याचा अर्थ दहा कोटी. आयुर्वेदात त्याचा अर्थ शरीरात वाढणारी गाठ. संख्येचं आणि रोगाचं नाव एकच. हा शब्द पुढे पुन्हा भेटेल, आणि तोही नेमक्या जागी.

ज्या रोगाबद्दल लिहायचं आहे त्याचं नाव हेअरी सेल ल्युकेमिया. पांढऱ्या पेशींमधल्या बी-लिम्फोसाइट नावाच्या पेशी बिघडतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या कडा विसकटलेल्या केसांसारख्या दिसतात, म्हणून हे नाव. १९५८ साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात काम करणाऱ्या, मूळच्या पेरू देशातल्या डॉ. बर्था बूरॉन्कल यांनी २६ रुग्ण अभ्यासून हा एक वेगळा आजार असल्याचं मांडलं. सगळ्या ल्युकेमियांमध्ये याचा वाटा जेमतेम दोन टक्के. बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त, आणि तोही बहुधा पन्नाशीच्या आसपास. अमेरिकेत वर्षाला दहा लाख लोकांमागे तीनेक नवे रुग्ण सापडतात. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. अमेरिकेचाच दर लावला, तर पारडीपासून जयताळ्यापर्यंत अख्ख्या शहरात वर्षाला सात माणसं. आशियाई लोकांत हा आजार गोऱ्यांपेक्षा कमी आढळतो, म्हणजे सातही नाहीत. चांगली चालणारी प्रॅक्टिस असलेला डॉक्टर याचा एकही रुग्ण न पाहता निवृत्त होऊ शकतो.

आणि हा आजार येतो चोरपावलांनी. थकवा, सारखा ताप, रक्त कमी, प्लेटलेट कमी, पोटाच्या डाव्या बाजूला वाढलेली पानथरी. विदर्भात रक्त कमी आणि पानथरी मोठी असं म्हटलं की आधी मलेरिया किंवा सिकलसेल आठवतो, आणि ते बरोबरच आहे, कारण ते आजार इथे कितीतरी पटींनी जास्त आहेत. मग कधीतरी कमरेच्या हाडात सुई घालून बोन मॅरो काढायचं ठरतं, आणि सुई रिकामी येते. या रोगात मॅरोमध्ये बारीक तंतूंचं जाळं विणलं जातं आणि केसाळ पेशी त्याला चिकटून बसतात, त्यामुळे पिचकारी कितीही ओढली तरी काही येत नाही. डॉक्टर याला ‘ड्राय टॅप’ म्हणतात. रिकामी सुई हाच या रोगाचा एक पुरावा असतो.

उपचार मात्र चकित करणारा आहे. १९९० साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स क्लिनिकच्या लॉरेन्स पायरो, अर्नेस्ट बॉयटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लॅड्रिबीन नावाचं औषध बारा रुग्णांना दिलं. सलग सात दिवस शिरेतून, बस. बारापैकी अकरा जणांचा रोग तपासणीत पूर्ण मावळला. दिवसाला किलोमागे ०.१ मिलिग्रॅम हा डोस धरला, तर साठ किलोच्या माणसाला सात दिवसांत मिळून ४२ मिलिग्रॅम औषध लागतं. तांदळाच्या दोन दाण्यांएवढं. किलोभर रोगासमोर दोन दाणे!

पण त्या दोन दाण्यांतले रेणू मोजा. सुमारे ८ लाख ८५ हजार कोटी कोटी असा काहीतरी अगडबंब आकडा येतो, डोक्यात न मावणारा. त्यापेक्षा वाटणी करून पाहू. माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी आहेत असा अंदाज आहे. हे ४२ मिलिग्रॅम सगळ्यांना सारखं वाटलं, तर एकेका पेशीच्या वाट्याला २४ लाखांच्या आसपास रेणू येतात. म्हणजे तुमच्या अंगातल्या प्रत्येक पेशीच्या दारात नागपूरच्या जनगणनेएवढी गर्दी. प्रत्यक्षात वाटणी अशी सारखी होत नाही. लिम्फोसाइट हे औषध आत साठवून ठेवतात आणि त्यानेच मरतात. तरी एवढ्या गर्दीतून एखादी पेशी सुटते कशी, हा प्रश्न मला कित्येक दिवस पुरला आहे. काही सुटतात हे मात्र खरं.

आता वजाबाकी सुरू करू. हातात किलोभर संत्री आहेत, महापद्म पेशी आहेत. (खरं तर एक लाख कोटी हा आकडा जोरात वाढणाऱ्या ल्युकेमियांवरून रूढ झालेला आहे. हेअरी सेलमध्ये तो माणसागणिक बदलतो. पण शरीरातल्या एकूण मॅरो पेशीही याच घरात असल्यामुळे हिशेबाला तो चालतो.) उपचार झाले, महिने गेले, रक्त सुधारलं, पानथरी खाली बसली. पुन्हा मॅरो काढला, काचेवर पसरला, रंगवला आणि पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. केसाळ पेशी दिसत नाहीत. रिपोर्ट येतो: रिमिशन. घरात पेढे वाटले जातात, आणि वाटावेतच.

डोळ्याची ताकद किती? अनुभवी पॅथॉलॉजिस्ट एका तपासणीत पाचशेच्या आसपास पेशी मोजतो. शंभरात एक रोगट पेशी असेल तर ती त्याला ओळखू येईल, पण त्याच्या खाली डोळा पोचत नाही. महापद्माचा शंभरावा भाग म्हणजे खर्व, एक हजार कोटी. नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली. म्हणजे काच स्वच्छ दिसते आहे, रिपोर्टवर रिमिशन लिहिलं आहे, आणि तरीही त्या माणसाच्या हाडांमध्ये पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त रोगट पेशी असू शकतात. संत्र्याच्या हिशेबात सांगायचं तर एक फोड उरली आहे. दहा ग्रॅम.

आणखी खाली जाऊ. दहा हजारांत एक. नागपूरच्या वर्धा रोडवर जामठ्याला विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम आहे, सुमारे ४५ हजार माणसं बसतात. त्याच जामठ्यात नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी आहे, एप्रिल २०२३ मध्ये तिचं औपचारिक उद्घाटन झालं. या दोन इमारती एकाच गावात असल्यामुळे मला हे उदाहरण सुचलं. दहा हजारांत एक म्हणजे भरलेल्या स्टेडियममध्ये चार-पाच माणसं. पॅथॉलॉजिस्टने पाचशे पेशी पाहिल्या, तर त्यांत अशी एखादी तरी सापडण्याची शक्यता किती? पाच टक्के. शंभरपैकी पंच्याण्णव वेळा काच पूर्ण स्वच्छ दिसेल. त्यात त्याची काही चूक नाही. स्टेडियममधली पाचशे माणसं पाहून उरलेल्यांबद्दल जेवढं सांगता येतं, तेवढंच तो सांगतो आहे.

महापद्माचा दहा हजारावा भाग किती होतो? दहा कोटी. भास्कराचार्यांच्या यादीत त्याला म्हणतात अर्बुद.

ल्युकेमियाच्या जगात हीच रेषा अनेक वर्षं सर्वात महत्त्वाची मानली गेली आहे. उपचारानंतर उरलेल्या रोगाला डॉक्टर ‘एमआरडी’ म्हणतात, म्हणजे शिल्लक राहिलेला सूक्ष्म रोग, आणि तो दहा हजारांत एक या प्रमाणाच्या वर आहे की खाली यावर, विशेषतः लहान मुलांच्या ल्युकेमियात, पुढचे उपचार ठरतात. दहा कोटी पेशींचं वजन ग्रॅमचा दहावा भाग. संत्र्याची एक बी.

ही बी शोधायला डोळा पुरत नाही, म्हणून यंत्र आलं. फ्लो सायटोमीटर. मॅरोतल्या पेशी द्रवात मोकळ्या करतात, तांबड्या पेशी विरघळवून टाकतात, उरलेल्यांवर रंगीत खुणा चिकटवतात आणि केसाएवढ्या धारेतून एकामागे एक सोडतात. समोर लेसर. प्रत्येक पेशी सेकंदाच्या काही दशलक्षांश भागातच किरणासमोरून जाते आणि तेवढ्यात तिच्यावरच्या सगळ्या रंगांची नोंद होते. सेकंदाला हजारो पेशी. माणसाने सेकंदाला एक या वेगाने दहा लाख पेशी पाहायच्या म्हटल्या तर अकरा-बारा दिवस आणि रात्री लागतील. यंत्राला काही मिनिटं पुरतात.

पण वेगापेक्षा खुणांची युक्ती मला अधिक सुंदर वाटते. केसाळ पेशीवर चार खुणा असतात, त्यांची नावं सीडी१०३, सीडी२५, सीडी११सी आणि सीडी१२३. यांपैकी एकही खूण फक्त तिची नाही. सीडी१०३ आतड्यांच्या अस्तरातल्या लिम्फोसाइटवर असते, सीडी२५ लढाईला जागलेल्या टी-पेशींवर, सीडी११सी मोनोसाइटवर. नागपुरातल्या बर्डीच्या गर्दीत छत्री अनेकांकडे असते, चष्मा अनेकांना असतो, पांढरी टोपी घालणारेही असतात आणि हिरवी पिशवी घेतलेलेही. पण छत्री, चष्मा, पांढरी टोपी आणि हिरवी पिशवी हे चारही एकाच माणसापाशी असतील तर त्याला तुम्ही लांबूनही ओळखाल. बी-पेशीवर या चारही खुणा एकत्र दिसल्या की ती सापडली. दहा रंग आणि आकाराची दोन मापं धरली तर प्रत्येक पेशीमागे बारा आकडे. वीस लाख पेशी तपासल्या तर एका नळीतून दोन कोटी चाळीस लाख आकडे. शेवटी मात्र कुणीतरी माणूसच पडद्यासमोर बसतो आणि त्या ठिपक्यांच्या ढगात वीस-तीस ठिपक्यांचा एक लहानसा पुंजका शोधतो. एकटा ठिपका कचराही असू शकतो. पुंजका असेल तरच त्याला पुरावा मानतात.

हे काम महाराष्ट्रात जगाच्या तोडीचं होतं. खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. तिथल्या रक्तविकृती प्रयोगशाळेतल्या डॉ. प्रशांत टेंभरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ६२२ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. रोग दुसरा होता, बी-लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, पण प्रश्न तोच: बाकी किती? एकाच नळीत दहा रंग वापरून आणि भरपूर पेशी तपासून त्यांनी दहा लाखांत दोन इतक्या सूक्ष्म पातळीपर्यंत पोचता येतं हे दाखवलं. दहा लाखांत दोन. नागपूरच्या चोवीस लाखांत पाच माणसं. कुणाचं नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही, फक्त त्यांच्या अंगावरच्या खुणा माहीत आहेत, आणि त्या पाचही जणांना शोधायचं आहे, नारीपासून नरेंद्रनगरपर्यंत एकही घर न वगळता. हे वाचलं तेव्हा मला अभिमान वाटला.

इथे एक अडचण आहे, आणि ती यंत्राची नाही. ती नमुन्याची आहे.

मॅरोत एक लाख कोटी पेशी, त्यांतून तपासल्या वीस लाख. म्हणजे पाच लाखांतली एक. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३ होती. तेवढ्या राज्याचं मन जाणायला २२५ माणसांना विचारावं, तसं हे प्रमाण आहे. आणि दुर्मीळ गोष्ट शोधताना नशीबही हिशेबात धरावं लागतं. रोगट पेशी दहा लाखांत एक असेल आणि तुम्ही बरोबर दहा लाख पेशी तपासल्या, तर ती दिसेलच असं नाही. दिसण्याची शक्यता ६३ टक्के. पंच्याण्णव टक्के खात्री हवी तर तीस लाख तपासाव्या लागतात. संख्याशास्त्रात याला तिनाचा नियम म्हणतात: जितक्यांत एक शोधायची, त्याच्या तिप्पट पाहून एकही सापडली नाही, तर ती त्याहून दुर्मीळ आहे असं बऱ्यापैकी छातीठोकपणे म्हणता येतं.

म्हणून सुई हाडात गेल्यावर पहिल्यांदा ओढलेला मॅरो एमआरडीसाठी ठेवायचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला त्यात साधं रक्त मिसळतं, पेशी पातळ होतात, आणि वीस लाख पेशी मोजल्या तरी त्या मॅरोच्या राहत नाहीत. डॉक्टर ‘फर्स्ट पुल’ म्हणतात ते हेच. शिवाय नळीतल्या पेशी जिवंत असेपर्यंतच फ्लोला अर्थ, म्हणजे एक ते दोन दिवस. ज्या शहरात अशी प्रयोगशाळा नाही, तिथून निघालेल्या नळीला वेळेशी शर्यत करावी लागते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तेवढं अंतर हाताच्या बोटाएवढ्या नळीतल्या दोन चमचेसुद्धा नसलेल्या द्रवाने जिवंत पार करायचं. हेअरी सेलमध्ये तर त्याआधीच सुई रिकामी येऊ शकते. पेशी जाळ्याला धरून बसतात, द्रवात उतरत नाहीत, आणि फ्लोचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून जाणते डॉक्टर हाडाचा बारीक तुकडाही काढतात आणि त्यावर वेगळे रंग चढवून पाहतात. घाईही करत नाहीत. क्लॅड्रिबीननंतर पेशी कित्येक आठवडे मरत राहतात, त्यामुळे मॅरो चार ते सहा महिन्यांनी पाहावा असं या रोगाच्या तज्ज्ञांनी सांगितलं आहे. वाट पाहणं हेही इथे उपचाराचंच अंग आहे, आणि घरच्यांना सर्वात अवघड तेच जातं.

या सगळ्यात मॅरो काही थांबलेला नसतो. तो सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी तयार करतो. अख्ख्या नागपूरला माणशी एक पेशी पुरवायला त्याला सेकंदभराहून थोडाच जास्त वेळ लागतो. ज्या गवतात सुई शोधायची ते गवतच असं क्षणोक्षणी नवं उगवतं आहे.

शोधायचा दुसरा रस्ता पेशीच्या खुणांचा नाही, तिच्या अक्षरांचा आहे. २०११ मध्ये इटलीतल्या पेरुजा विद्यापीठाच्या एन्रिको तिआच्ची, ब्रुनांजेलो फालिनी आणि सहकाऱ्यांनी हेअरी सेलचे ४७ रुग्ण तपासले. सगळ्या ४७ जणांत एकच बिघाड सापडला. सातव्या गुणसूत्रावर बीरॅफ नावाचं जनुक आहे. त्याच्या मजकुरातलं १७९९ वं अक्षर टी हवं होतं तिथे ए आलं होतं. त्यामुळे ७६६ दुव्यांच्या प्रथिनातला सहाशेवा दुवा बदलतो आणि वाढीचा दिवा विझतच नाही. ४७ पैकी ४७. वैद्यकशास्त्रात असा आकडा क्वचित पाहायला मिळतो.

आता या एका अक्षराचं प्रमाण पाहू. एका पेशीत डीएनएची ६०० कोटी अक्षरं असतात. दहा लाख पेशींत एक रोगट असेल, तर शोधायचं अक्षर एक आणि एकूण अक्षरं ६० कोटी कोटी. पानावर दोन हजार अक्षरं आणि पुस्तकाला तीनशे पानं धरली तर ही होतात एक हजार कोटी पुस्तकं. जगातल्या प्रत्येक माणसाच्या हातात एक पुस्तक देऊन वर दोनशे कोटी उरतील. त्यांतल्या एका पुस्तकात, एका पानावर, एका ओळीत, एक अक्षर चुकलं आहे. ते शोधा!

सगळी पुस्तकं वाचायची नाहीत, ही त्यातली सुटका. कुठल्या पानावरची कुठली ओळ, हे माहीत आहे. पीसीआर हे तंत्र नेमकी तीच ओळ उघडतं आणि तिच्या प्रती काढतं, एकीच्या दोन, दोनीच्या चार. आपल्याकडे व्याजाला दामदुपटीची मर्यादा होती, मुद्दलाहून जास्त व्याज घ्यायचं नाही. इथे तशी मर्यादा नाही. तीस वेळा दुप्पट केलं की एका ओळीच्या १०७ कोटी प्रती होतात. पीसीआरचा नवा अवतार नमुन्याचे वीस हजार थेंब करतो, प्रत्येक थेंब मिलिलिटरचा दहा लाखावा भाग, आणि प्रत्येक थेंबात वेगळी पीसीआर चालवतो. ज्या थेंबात चुकलेलं अक्षर असेल तो उजळतो. मग फक्त उजळलेले थेंब मोजायचे.

मात्र इथेही तोच नमुन्याचा प्रश्न दारात उभा राहतो. एका पेशीतला डीएनए ६.६ पिकोग्रॅम भरतो. प्रयोगशाळेने एक मायक्रोग्रॅम डीएनए घेतला, तर त्यात दीड लाख पेशींचाच ऐवज आहे. दीड लाख पेशींत दहा लाखांतली एक शोधणार कशी? यंत्र कितीही तीक्ष्ण असो, ती नळीतच नसेल तर दिसणार नाही. म्हणून एमआरडीच्या रिपोर्टवर ‘आढळला नाही’ हे शब्द वाचून थांबू नये असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. त्याच कागदावर किती पेशी तपासल्या आणि यंत्र कुठपर्यंत पाहू शकत होतं, हेही लिहिलेलं असतं. नसेल तर डॉक्टरांना विचारावं. विचारण्यात काही वावगं नाही. पाच लाख पेशी पाहून आलेलं शून्य आणि पन्नास लाख पेशी पाहून आलेलं शून्य, ही दोन वेगळी शून्यं आहेत.

शेष मोजता येऊ लागल्यावर तो कमी करायचे मार्गही तपासता आले. अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये ६८ नव्या रुग्णांना दोन गटांत वाटलं, प्रत्येकी ३४. सगळ्यांना क्लॅड्रिबीन, एका गटाला त्याच वेळी रितुक्सिमॅब नावाचं दुसरं औषधही. सहा महिन्यांनी पाहिलं तर रोग मावळून शेषही न सापडणारे फक्त क्लॅड्रिबीन घेतलेल्यांत २४ टक्के होते, आणि दोन्ही औषधं एकत्र घेतलेल्यांत ९७ टक्के. चौतिसांत आठ आणि चौतिसांत तेहतीस. काचेखाली पाहणाऱ्या डोळ्याला हा फरक एवढा स्पष्ट दिसलाच नसता. २०२० मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले.

रोग परत आलेल्यांसाठी तिआच्चींच्या गटाने त्या एका चुकलेल्या अक्षरावरच नेम धरणारी व्हेम्युराफेनिबची गोळी रितुक्सिमॅबसोबत दिली. तीसपैकी २६ जणांचा रोग मावळला, आणि त्या २६ पैकी १७ जणांत शेषही सापडला नाही. ते २०२१ चं वर्ष.

सुश्रुतसंहितेत अर्बुदाच्या चिकित्सेबद्दल सांगताना एक इशारा दिला आहे: अर्बुद काढताना काही शेष ठेवलं तर ते लवकरच पुन्हा वाढतं आणि आगीसारखं माणसाला संपवतं, म्हणून ते निःशेष काढावं. आपल्याकडे कर्ज, आग, शत्रू आणि रोग यांचा शेष ठेवू नये असं म्हातारी माणसं आजही म्हणतात. गणितही त्यांच्याच बाजूने बोलतं. दहा लाख पेशी म्हणजे भास्कराचार्यांचं प्रयुत, वजनाने एक मिलिग्रॅम, खसखशीचे दोन-तीन दाणे. ते दाणे फक्त वीस वेळा दुप्पट झाले की पुन्हा महापद्म, पुन्हा किलोभर.

इतकं सगळं मोजल्यावर आणखी एक आकडा राहतो, आणि मी त्याच्याकडे वारंवार जाते. २०१० मध्ये त्याच स्क्रिप्स क्लिनिकच्या डॉक्टरांनी आपल्या १९ जुन्या रुग्णांचा मॅरो पुन्हा तपासला. प्रत्येकाला क्लॅड्रिबीनचा एकच कोर्स मिळाला होता, त्याला साधारण सोळा वर्षं झाली होती, आणि रक्त सगळ्यांचं चांगलं होतं. नऊ जणांत काहीच सापडलं नाही. तिघांच्या मॅरोत रोग साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत होता. आणि सात जणांच्या मॅरोत बाकी होती, केसाळ पेशी होत्या, खुणांसकट. सत्तरीतली माणसं. सोळा वर्षांपूर्वी सात दिवस सलाईन लावून घेतलं होतं, त्यानंतर कसलंही औषध नाही, आणि त्या पेशी त्यांच्या हाडांत तशाच बसून होत्या, ना मरत होत्या ना दुप्पट होत होत्या.